पहिला घाणा एकाच चकलीचा

चकली फसली की दोष भाजणीला दिला जातो. माझ्या अनुभवात गडबड होते ती बहुतेक वेळा उकडीच्या पाण्यात आणि मोहनात, म्हणजे पिठात जाणाऱ्या तेलात. तरी आधी भाजणीचं सांगते, कारण तिथली चूक पुढे निस्तरता येत नाही.

माझं प्रमाण असं: 4 वाट्या जाड तांदूळ, 2 वाट्या हरभरा डाळ, 1 वाटी मूग डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी जाड पोहे, पाव वाटी धने, 2 चमचे जिरे. तांदूळ धुऊन सुती कापडावर सावलीत खडखडीत वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा आणि मंद आचेवर भाजायचा. सगळं एकदम कढईत टाकलं तर पोहे करपतात नि हरभरा डाळ कच्चीच राहते. तांदूळ हाताला हलके लागले पाहिजेत. डाळ गुलाबीसर होऊन दाताखाली कटकन तुटली पाहिजे. नुसत्या वासावर जाऊ नका, वास डाळ भाजून होण्याच्या आधीच सुटतो. धने-जिरे फक्त गरम करायचे. सगळं पूर्ण गार झाल्यावर बारीक दळून आणायचं. गिरणीत आधी गव्हाचं दळण झालं असेल तर मी थांबते; गव्हाचं पीठ मिसळलं की चकली चिवट होते.

आता उकड. 2 वाट्या भाजणीला दीड वाटी पाणी. त्यातच 2 मोठे चमचे तेल, 2 चहाचे चमचे तिखट, 1 चमचा मीठ, पाव चमचा हळद, हिंग, 1 मोठा चमचा तीळ आणि तळहातावर चुरडलेला अर्धा चमचा ओवा. अख्खा ओवा कधीकधी सोऱ्याच्या चकतीत अडकतो आणि चकलीची एक धार तुटकी पडते. पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद करायचा, भाजणी घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळायची आणि घट्ट झाकण ठेवून 20 मिनिटं हात लावायचा नाही. भाजणीला गव्हासारखा चिकटपणा नसतो. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्यात फुलतं, त्यानेच चकली धरून राहते. कोमट पाण्यात भिजवलेलं पीठ म्हणूनच सोऱ्यातून तुकड्या-तुकड्यांनी पडतं.

मळताना सगळी उकड एकदम घेऊ नये. सोऱ्यात मावेल एवढाच गोळा कोमट पाण्याच्या हाताने मळायचा, बाकीचा झाकलेला. बोटाएवढी वळी करून वाकवून बघा. कडेला बारीक भेगा दिसल्या तर ठीक. मोडली तर पाणी कमी. वळी चकचकीत दिसून बोटांना चिकटली तर पाणी जास्त, अशा चकलीचे काटे बसतात आणि ती तेल पिते.

पहिला घाणा मी एकाच चकलीचा काढते. चार चकल्या पाडून एकदम सोडण्याची घाई नडते, कारण सुधारायला संधी इथेच असते. चकली तेलात फसफसून विरायला लागली, म्हणजे अनारसा तुपात ‘हसतो’ तशी पसरली, तर मोहन जास्त झालंय. उरलेल्या पिठात दोन-तीन चमचे कोरडी भाजणी मळून घ्यायची. गार झाल्यावर दगडासारखी लागली तर मोहन कमी. एक चमचा कडकडीत तेल पिठात घालायचं आणि चटका बसणार नाही इतपत निवल्यावर मळायचं. बाहेरून कुरकुरीत आणि आत मऊ असेल तर पिठाला काही करू नका, आच मोठी होती.

तेलात पिठाचा छोटा गोळा टाकला की तो लगेच वर यावा, पण लगेच लाल होऊ नये. चकली सोडल्यावर आच मध्यम. सुरुवातीला बुडबुड्यांचा दाट फेस असतो, तेव्हा झारा लावला की चकली तुटते. खालची बाजू धरली की उलटायची. फेस विरळ होऊन चुरचुर थांबत आली की पिठातलं पाणी संपलंय, तेव्हाच काढायची. रंगावर भरवसा नको, तिखट जास्त असलं की चकली कच्ची असतानाच लालसर दिसते. अगदी मंद आचेवरही तळू नये, तेल आत मुरतं.

चाळणीत उभ्या करून ठेवल्या की तेल निथळतं. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नये. आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी चकल्या सादळलेल्या निघतात. अशा सादळलेल्या चकल्या पुन्हा तळण्यापेक्षा ओव्हनमध्ये 150 अंशांवर 8-10 मिनिटं ठेवते. बाहेर काढल्याबरोबर मऊच लागतात, कुरकुरीतपणा येतो तो गार झाल्यावर.