सारायेव्होत आज

आज दिवसभर बोस्नियाच्या राजधानीत, सारायेव्होत पायी भटकलो. बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेजवळ गाझी हुस्रेव-बेग मशीद, जुनं ऑर्थोडॉक्स चर्च, १५८१ चं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आणि १८८९ चं कॅथलिक कॅथेड्रल आहे. सगळं चालत काही मिनिटांच्या अंतरावर.

पाय थबकले ते मशिदीशेजारच्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी. या घड्याळात बारा वाजतात ते सूर्य मावळताना! मावळतीची वेळ रोज थोडी सरकते, म्हणून कुणालातरी वर चढून काटे जुळवत राहावं लागतं. नमाजाच्या वेळा अचूक कळाव्यात म्हणून हा खटाटोप, आणि तो अजून चालू आहे.

इथल्या संग्रहालयात सारायेव्हो हगादा आहे. ज्यूंची, पेसाहच्या सणाला वाचायची, १४ व्या शतकात स्पेनमध्ये चितारलेली पोथी. पानांवर सणाच्या जेवणात सांडलेल्या वाइनचे डाग आहेत. दुसऱ्या महायुद्धात ती नाझींच्या हाती लागू नये म्हणून लपवली देर्विश कोर्कुट या मुस्लिम ग्रंथपालांनी. त्यांच्याबद्दल वाचून ऊर भरून आला.

पण नुसतं ‘सगळे गुण्यागोविंदाने राहतात’ असं लिहिणं या शहरावर अन्याय ठरेल. याच शहराला बोस्नियन युद्धात १९९२ पासून १४२५ दिवस सर्ब फौजांचा वेढा होता. ऑगस्ट १९९२ मध्ये तोफगोळ्यांनी राष्ट्रीय ग्रंथालय पेटलं, लाखो पुस्तकं गेली. ती इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली. बाल्कनमध्ये येणार असाल तर सारायेव्हो धावतपळत उरकू नका, मुक्काम करा.