प्रश्न गावाचे, निवड समितीची

आमच्या शिक्षणसंस्थेने तालुक्याच्या ठिकाणी काढलेल्या नव्या महाविद्यालयाच्या पहिल्या प्राचार्यांची निवड नियमाला धरून झाली, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण जाहिरातीपासून विद्यापीठाच्या मान्यतेपर्यंतचा प्रत्येक कागद मध्यवर्ती कार्यालयाचा अधीक्षक म्हणून माझ्याच टेबलावरून गेला आहे. तरीही त्या निवडीतला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते ती गोष्ट आधी सांगतो. प्राचार्याची निवड विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे होते. निवड समितीवर व्यवस्थापनाचे अध्यक्ष आणि सदस्य असतात, कुलगुरूंनी नेमलेले प्रतिनिधी असतात, उच्चशिक्षणातले तज्ज्ञ असतात. पालक, विद्यार्थी किंवा ग्रामस्थ यांच्यासाठी तिथे खुर्ची नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ च्या कलम ९७ प्रमाणे महाविद्यालय विकास समितीवर चार स्थानिक सदस्य घ्यावे लागतात खरे, पण ते व्यवस्थापनाने प्राचार्यांशी विचारविनिमय करून नेमायचे असतात. म्हणजे गावातून कोण घ्यायचे याविषयी प्राचार्याला विचारले जाते, प्राचार्य कोण असावा याविषयी गावाला विचारले जात नाही. शिवाय त्या चौघांत किमान एक माजी विद्यार्थी हवा, आणि ज्या महाविद्यालयाची पहिली तुकडीही अजून बाहेर पडलेली नाही तिथे तो आणायचा कुठून, याचे उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही.

इथे मात्र गावाला डावलणे अवघड होते, कारण जागेसाठी लोकांनी वर्गणी काढली होती. आपल्याकडे ही परंपरा जुनीच आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था लोकांच्या मदतीवरच वाढली. देणारे देतात आणि मग कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात, इथपर्यंत त्यांचा सहभाग आपण गृहीत धरतो. आमच्या अध्यक्षांनी एक पाऊल पुढे टाकून मुलाखतीपूर्वी पात्र उमेदवारांची ग्रामस्थांशी भेट घडवण्याचे ठरवले, आणि आपण समोर असलो तर लोक मोकळेपणाने बोलणार नाहीत म्हणून स्वतः त्या सभेला न जाण्याचेही ठरवले. हेतू चांगला होता. व्यवस्था, अर्थातच, माझ्याकडे आली.

सभेआधी छाननी झाली, आणि गावाचा पहिला रोष तिथेच ओढवला. तालुक्याचे जावई असलेले एक प्राध्यापक प्राचार्य होणार हे लोकांनी मनोमन ठरवूनच टाकले होते. पीएच.डी. होती, पंधरा वर्षांहून अधिक सेवा होती, दहाच्या वर शोधनिबंध होते, आणि संशोधन गुणांकाची किमान ११० ची अट ओलांडल्याचा दावाही अर्जात होता. मी प्रत्येक निबंधाची प्रत काढून लेखकांची नावे मोजली. मानव्यविद्येतल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातल्या निबंधाला १० गुण मिळतात, पण लेखक दोन असतील तर प्रत्येकाला त्याच्या ७० टक्के, आणि दोनहून अधिक असतील तर प्रमुख लेखकाला ७० टक्के व बाकीच्यांना ३० टक्केच मिळतात. यांचे बरेचसे निबंध तिघांचे होते आणि यांचे नाव मध्ये होते. दहाच्या जागी तीन गुण. व्याख्याने आणि परिषदांतले निबंधवाचन यांचे गुण एकूण गुणांकाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त धरता येत नाहीत, तेही त्यांनी सरसकट मिळवले होते. बेरीज ११० च्या बरीच खाली आली. हा तक्ता कोणत्याही न्यायालयात उभा राहील असा मी तयार केला होता आणि त्याचा मला अभिमान आहे. पण चौकात उभे राहून तो समजावून सांगणे शक्य नसते. ‘आमचा माणूस कापला,’ एवढेच लोकांपर्यंत पोहोचले. ‘आमचा’ म्हणताना प्रत्येकाच्या मनात गावच होते असेही नाही, हे ज्याला तालुक्याचे राजकारण कळते त्याला सांगायला नको.

चार उमेदवार पात्र ठरले. सभेला येणे ऐच्छिक असून न आल्यास त्याचा मुलाखतीवर परिणाम होणार नाही, असे वाक्य मी पत्रात आग्रहाने घातले, कारण नियमात नसलेली पायरी बंधनकारक केली तर नाकारलेला उमेदवार पहिला आक्षेप तिच्यावरच घेतो. चौघांपैकी एकाने नम्रपणे नकार कळवला. अर्ज आपण सध्या नोकरी करतो त्या संस्थेमार्फत आलेला असल्याने तिथे तो माहीत आहेच, परंतु फाइलीत माहीत असणे वेगळे आणि आपण गावापुढे मते मांडत असल्याचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फिरणे वेगळे, असे त्यांचे म्हणणे होते. निवड झाली नाही तर मला त्याच स्टाफरूममध्ये पुढची वर्षे काढायची आहेत, असे त्यांनी फोनवर सांगितले. यात उद्धटपणा मला दिसला नाही. गावाला मात्र तो दिसला.

सभा शाळेच्या सभागृहात झाली. पहिला बराच वेळ ज्यांना माइक सोडवत नाही अशा मंडळींनी खाल्ला. त्यांना उमेदवारांना काही विचारायचे नव्हते, महाविद्यालय कोणामुळे आले हे सांगायचे होते. बारावीच्या मुली आणि त्यांच्या आया मागच्या बाजूला गप्प बसल्या होत्या. हे असेच होणार हे गृहीत धरून मी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिली आणल्या होत्या. त्या मागून वाटायला सुरुवात केली, नाव लिहायचे नाही असे सांगितले, आणि खरी सभा तिथून सुरू झाली. शेवटची एसटी प्रात्यक्षिके संपण्याआधीच जाते, त्याचे काय? शिष्यवृत्तीचा अर्ज भरूनही पैसे येत नाहीत आणि महाविद्यालय फीसाठी तगादा लावते, तेव्हा जायचे कोणाकडे? आणि कितीतरी चिठ्ठ्यांवर एकच प्रश्न होता: प्राचार्य इथे राहणार, की जिल्ह्याच्या गावाहून ये-जा करणार?

तिघांपैकी एकांनी नॅक या महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेचे मूल्यांकनाचे निकष पडद्यावर दाखवले, ते कोणाच्या कामाचे नव्हते. बाई उमेदवारांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि मुलींच्या प्रश्नांना उत्तरे मुलींकडे पाहून दिली, त्यामुळे मागच्या रांगा त्यांच्या बाजूच्या झाल्या. तिसऱ्यांनी ‘मी इथेच घर करणार’ असे ठासून सांगितले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या रात्री मतदान घेतले असते तर ते निवडून आले असते.

मुलाखतीच्या दिवशी मी चिठ्ठ्यांचा गोषवारा समितीपुढे ठेवला. एका तज्ज्ञांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विहित नमुन्यात याची नोंद करायला रकाना कुठे आहे, असे विचारले. रकाना नव्हताच. लोकांनी कोणाला पसंती दिली ते मी लिहिले नव्हते, कारण एक उमेदवार तिथे आलेच नव्हते आणि तुलना त्यांच्यावर अन्याय करणारी ठरली असती. मी फक्त प्रश्न लिहिले होते. त्यातले तीन प्रश्न चौघांनाही त्याच शब्दांत विचारायचे, असा मार्ग अध्यक्षांनी काढला. तो सर्वांना मान्य झाला.

घर करणार म्हणालेल्या उमेदवारांनी राहण्याच्या प्रश्नावर ‘प्रयत्न करीन’ असे उत्तर दिले. सभागृहातले वाक्य आणि हे वाक्य, दोन्ही ऐकलेला त्या खोलीत मी एकटाच होतो, आणि अधीक्षकाने निवड समितीत तोंड उघडायचे नसते. सभेला न आलेले उमेदवार शेवटी आले. आईच्या उपचारांमुळे पहिले वर्षभर आपण इथे राहू शकणार नाही, पण कोणत्या वेळेत भेटू ते फलकावर लिहू आणि ती वेळ पाळू, असे त्यांनी सांगितले. एसटीचे वेळापत्रक माझ्या हातात नाही, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या माझ्या हातात आहेत, हे त्यांचे दुसरे उत्तर. शिष्यवृत्तीवर त्यांनी उलट समितीलाच विचारले की महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर महाविद्यालयाचे लॉगिन कोण सांभाळणार आहे आणि पहिल्या सत्राचे किती अर्ज आपल्याच स्तरावर पडून आहेत. उत्तर समितीतल्या कोणालाच देता आले नाही. मला ठाऊक होते, आणि ते भूषणावह नव्हते.

नियमाप्रमाणे इतिवृत्त आणि शिफारस त्याच दिवशी पूर्ण होऊन सर्वांच्या सह्या व्हाव्या लागतात. संध्याकाळी सह्या झाल्या. शिफारस, गावाने ज्यांना पाहिलेही नव्हते, त्यांची होती.

निर्णय सांगायला अध्यक्ष स्वतः गावात गेले, मी बरोबर होतो. मोठा गोंधळ झाला नाही. जावयाच्या बाजूची मंडळी आलीच नव्हती. अध्यक्षांनी तिन्ही प्रश्न तुमचेच विचारले गेले असे सांगितल्यावर एक बचत गट चालवणाऱ्या ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, प्रश्न आमचे घेतलेत, पण उत्तरं बंद खोलीत ऐकलीत. ती आम्हाला कोण सांगणार?” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. समितीची कार्यवाही गोपनीय असते, हे मी सांगितले. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पटलेले नाही हे दिसत होते, आणि मलाही ते पूर्ण पटलेले नाही. उमेदवारांच्या संमतीने तेवढी तीन उत्तरे जाहीर करता आली असती का, याचा शोध मी त्यानंतर नियमावलीत घेतला. मनाई करणारे वाक्य मला सापडले नाही, मुभा देणारेही सापडले नाही.

प्राचार्य रुजू झाले आहेत, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या बदलल्या आहेत, आणि ये-जा करतात म्हणून त्यांच्याविषयीची कुरकुर चालूच आहे. विकास समितीच्या स्थानिक सदस्यांची टिप्पणी मी तयार केली असून समाजसेवा क्षेत्रासाठी त्या ताईंचे नाव सुचवले आहे. प्राचार्यांची संमती आली आहे. अध्यक्षांची सही अजून व्हायची आहे, कारण त्याच जागेसाठी माइकवाल्या मंडळींपैकी एकांचा फोन त्यांना येऊन गेला आहे.