माळ्यावरचा लेथचा पसारा

दिवाळीची साफसफाई काढली आणि माळ्यावरून लेथवर, म्हणजे लाकूड गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, लाकूड कातायला शिकवणाऱ्या डीव्हीडींचा खोका निघाला, मोजून ३१, आणि घरात डीव्हीडी प्लेअरच उरलेला नाही. खाली मासिकांचे गठ्ठे, एका वाडग्याच्या पानाला अजून खूण, तो वाडगा काय झाला नाही. टूल्स १४, पण हात जातो तो तिघांवरच. स्क्यूवर, म्हणजे तिरक्या धारेच्या पटाशीवर, तर दुकानातलं तेल तसंच. (रफिंग गाउज, म्हणजे लांबट लाकूड आधी ढोबळ गोल करायची पन्हळीसारखी पटाशी, मात्र भरपूर वापरला, एकदा चक्क वाडग्यावर लावला, जिथे तो लावायचाच नसतो, त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, तिथेच वाकला, बोटं वाचली नशीब.) डीव्हीडी भंगारवाल्याला, मासिकं रद्दीत, ती देताना जरा जीवावर आलं. स्क्यू शेजारच्या आयटीआयवाल्या पोराला दिला तर म्हणतो, काका, लेथ कधी काढताय?