तुम्ही विचारलंत म्हणून : तांब्यावरची लाल रेघ

माझ्या एका फोटोबद्दल मला गेली कित्येक वर्षं एकच प्रश्न येतो. फोटो साधा आहे. स्वयंपाकघराचा कट्टा, मागं निळी भिंत, कट्ट्यावर पितळी तांब्या. तांब्याच्या पोटावर डावीकडं एक लाल रेघ आहे, ओल्या कुंकवाचं बोट वरून खाली ओढावं तशी. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेली माणसं स्टुडिओत बसतात, भिंतीवरचा हा फोटो बघतात आणि विचारतात, "मॅडम, हा लाल कुठला फिल्टर मारून आणलाय?" शिकायला येणारी मुलं हेच जरा वेगळ्या शब्दांत विचारतात. कुठलं ॲप, कुठला प्रीसेट, सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा भडकपणा किती वाढवला. परवा एका मुलीनं तर आकडा लिहून घ्यायला वही उघडली. समोर गिऱ्हाईक बसलं होतं म्हणून तिला मी अर्धवट काहीतरी सांगून वाटेला लावलं, आणि ते मला दिवसभर टोचत राहिलं. हे तिच्यासाठी, आणि ज्यांनी ज्यांनी विचारलंत त्या सगळ्यांसाठी.

तो लाल समोरच्या आजींच्या वाकळेचा आहे.

आमचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत, एका बोळात. बोळ इतका अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरकावं लागतं. स्वयंपाकघराची खिडकी पश्चिमेला आहे. सकाळचं ऊन आमच्या कौलांवरून पलीकडं जातं आणि थेट समोरच्या गॅलरीवर पडतं. आजींची रात्रीची वाकळ, म्हणजे गोधडी, तिथं दोरीवर वाळत असते. त्या वेळी माझा कट्टा सावलीत असतो, आणि त्याला मिळणारा उजेड दोनच ठिकाणांहून येतो : वरून आभाळाचा, गार, निळसर; आणि समोरून त्या उन्हात पेटलेल्या वाकळेचा.

आता तांब्याकडं या. घासलेल्या पितळेत आपल्याला पितळ फार थोडं दिसतं, त्याच्या आजूबाजूचं जग जास्त दिसतं. तांब्या म्हणजे फुगीर आरसाच. जवळ जाऊन बघा, त्याच्या पोटात अख्खं स्वयंपाकघर बसलेलं असतं. खिडकीची उभी पांढरी पट्टी, कट्ट्याची वाकलेली कड, शेगडी, आणि कॅमेरा धरून उभी असलेली मी, बोटभर उंचीची. खिडकीच्या पट्टीला लागून वाकळ दिसते, फुगवट्यावर चेपून अरुंद झालेली. तीच ती रेघ. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. पितळ निळा उजेड बराचसा गिळतं आणि लाल-पिवळा परत देतं. म्हणून स्वयंपाकघराच्या चारही भिंती निळ्या असूनही तांब्यात त्या मळकट करड्या दिसतात, आणि वाकळेचा लाल मात्र जसाच्या तसा उतरतो. तांब्या चांदीचा असता तर हा फोटो झाला नसता.

चिंच-मिठानं घासला त्या दिवशी मी तांब्याचा फोटो काढत नाही. फार चकचकीत दिसतो, उजेडाचा ठिपका डोळ्यात घुसतो. दोन दिवस हात लागले, पाणी वाळलं, की त्याला एक मऊपणा येतो. तो मला हवा असतो.

हे मी शिकले गुजरीत, आमच्या सराफ बाजारात. एका सराफाच्या दुकानासाठी कोल्हापुरी साजाचे फोटो काढायचे होते. साजाचं एकेक पान वेगळ्या दिशेला वळलेलं, एकेक मणी गोल. दागिन्यावर जेवढे दिवे लावावेत तेवढे ते दिवेच त्यात दिसायला लागले, सोनं दिसेना. तिथल्या एका जुन्या कारागिरानं बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "ताई, सोन्यावर उजेड टाकू नका. सोन्याला जे दिसतंय त्याच्यावर टाका." मग मी साजाभोवती ट्रेसिंग पेपरचं तंबूसारखं कोंडाळं केलं आणि दिवे कागदाच्या बाहेर ठेवले. सोनं एकदम शांत झालं, पण सपाटही झालं, प्लास्टिकसारखं. तेव्हा काळ्या कागदाची एक चिंचोळी पट्टी फ्रेमच्या बाहेर, बाजूला उभी केली. तिचं काळं प्रतिबिंब प्रत्येक मण्याच्या कडेला उतरलं आणि मणी गोल झाले. मला आजही वाटतं की या धंद्यातलं निम्मं शिक्षण मला त्या एका वाक्यात मिळालं.

रंगाला शेजार लागतो, एवढंच मला सांगायचंय. महाद्वार रोडवर साडी घेणारी कुठलीही बाई हे जाणते. दुकानदार एका साडीवर दुसरी टाकतो आणि मघाशी नुसती हिरवी वाटलेली साडी मोरपिशी दिसायला लागते. मग ती उठते, पदर हातात धरून दारात जाते, कारण ट्यूबलाइटखालचा रंग घरी न्यायचा नसतो. पॅरिसमध्ये भिंतीवर टांगायची विणीव चित्रं बनवणारा गोब्लँ नावाचा कारखाना होता. तिथल्या रंगखात्याचा प्रमुख मिशेल शेव्रल हा रसायनशास्त्रज्ञ. काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी त्याच्याकडं यायच्या. त्यानं रंग तपासला तर रंगात खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे रंग विणले होते, ते त्याला फिका पाडत होते. त्यावर त्यानं १८३९ साली मोठा ग्रंथच छापला. मी त्याच्याबद्दल वाचलं तेव्हा मला आधी आठवली ती आमची साडी पसरणारी माणसं.

चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर जा. तिथं पांढरं म्हणून काही उरतच नाही. पायाखाली गुलाल, हवेत गुलाल, आणि खालून वर परतणारा गुलाबी उजेड माणसांच्या हनुवटीखाली, नाकाच्या खाली, फेट्याच्या आतल्या घडीत. एका वर्षी मुलांना घेऊन गेले होते. संध्याकाळी फोटो बघायला बसलो तर एकानं कॉम्प्युटरवर सगळे चेहरे "दुरुस्त" करून गोरे-नितळ केले होते. जोतिबाला जाऊन त्यानं गुलालच पुसून आणला होता. त्याला रागावले नाही, पण मला फार वाईट वाटलं.

शेजार फसवतोही. काही वर्षांपूर्वी चप्पल लाईनमधल्या एका व्यापाऱ्याचं काम आलं. ऑनलाइन विक्रीसाठी चाळीस जोडांचे फोटो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याचा जो मूळचा बदामी रंग असतो, तो हुबेहूब यायला हवा होता. कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, मग तो बाकीचे रंग त्यावरून लावतो. माझ्याजवळ त्या दिवशी पांढरा कागद नव्हता. दुकानात व्यापाऱ्याचे वडील बसले होते, डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरीशुभ्र टोपी. मी टोपीवर कॅमेरा धरला, पांढरं ठरवलं आणि कामाला लागले.

टोपीला नीळ होती. डोळ्याला शुभ्र दिसत होती ती त्या निळीमुळंच. कॅमेऱ्यानं तो निळसरपणा खरा पांढरा मानला आणि तेवढा निळा प्रत्येक फोटोतून वजा केला. उरला पिवळा. चप्पल अशा दिसायला लागल्या की जणू हळदीच्या तेलात बुडवून काढल्यात. मला तेव्हा त्या छानच वाटल्या, उबदार वाटल्या. महिन्याभरानं लोकांनी जोड परत पाठवायला सुरुवात केली : फोटोतला रंग वेगळा, हातात आला तो वेगळा. चूक माझी होती. चाळीसही जोड मी पैसे न घेता पुन्हा काढले, सकाळी आठच्या आत, दुकानांचे निळे ताडपत्रीचे छत लागायच्या आधी, मोकळ्या सावलीत शहाबादी फरशीवर. तेव्हापासून कॅमेऱ्याला रंग लावून द्यायचं १८ टक्के राखाडी कार्ड माझ्या बॅगेतून बाहेर गेलेलं नाही.

उजेडाची वेळ धरायला मात्र मला कुठल्या पुस्तकानं नाही शिकवलं, अंबाबाईच्या किरणोत्सवानं शिकवलं. लहानपणी आजीच्या कडेवर बसून गर्दीत बघितलेलं आठवतं. देवीचं तोंड पश्चिमेला. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. ढग आले, धुरकट झालं, तर अडतातही. वर्षातून या दोनच वेळा का, हे मला मोठेपणी समजलं. २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. त्याच्या सुमारे बेचाळीस दिवस आधी जाताना आणि तेवढेच दिवस नंतर परतताना तो क्षितिजावर त्याच जागी मावळतो. ज्यांनी देऊळ बांधलं त्यांनी दगडात वेळ बांधून ठेवली. आणि उजेड सोनेरी का, तर मावळतीचं ऊन तिरकं, हवेच्या जाड थरातून येतं आणि वाटेत त्यातला निळा विखरून जातो.

माझ्या कट्ट्यावरही संध्याकाळचं ऊन असं वर्षातून दोनदाच येतं, दोन घरांच्या मधल्या फटीतून. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि परत फेब्रुवारीच्या मध्याला. दिवसाला जेमतेम दहा मिनिटं. कालनिर्णयवर मी त्या दिवसांवर पेन्सिलीनं टिंब करून ठेवते आणि त्या संध्याकाळी शक्यतो बाहेरचं काम घेत नाही.

तांब्या-पातेलीच का काढता, असंही तुम्ही विचारता. कारण ती थांबतात. लग्नात नवरीकडं मला पाच मिनिटं मिळतात आणि त्यातली तीन तिची मावशी घेते. तांब्या वर्षभर एका जागी असतो. त्याच्यावर जानेवारी बघता येतो, पावसाळा बघता येतो, लाईट गेल्यावरची मेणबत्ती बघता येते. एडवर्ड वेस्टननं १९३० साली कॅलिफोर्नियात एका ढोबळी मिरचीचा फोटो काढला. बरेच दिवस मिरच्याच काढत होता, त्यातली ही तिसावी. ती त्यानं पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या आतल्या बाजूवरून उजेड परतून मिरचीच्या प्रत्येक वळणावर गेला, आणि ती मिरची तालमीतल्या पैलवानाच्या पाठीसारखी दिसते. फोटो काळा-पांढरा आहे. स्वयंपाकघरातली भाजी, स्वयंपाकघरातलंच नरसाळं. प्रागचा योसेफ सुडेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून आला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्याच खिडकीचे फोटो काढत राहिला. दव धरलेली काच, काठावर एखादा पेला. मला धीर द्यायला हे दोघं पुरे आहेत.

सॅच्युरेशनचा आकडा मागणाऱ्या त्या मुलीला मात्र मी एक काम सांगणार आहे. रंग वाढवण्याआधी एकदा फोटोतला रंग पूर्ण काढून बघ. आपल्या खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे, मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या काळाची आठवण. ते मुळात चित्रकार. आणि त्या जमान्यातल्या फिल्मला लाल जवळजवळ दिसतच नसे. लाल कुंकू काळं यायचं, निळं आभाळ पांढरं पडायचं. रंगात वाढलेल्या माणसांना सगळा विचार उजेड आणि अंधारात करावा लागला. तू तुझा फोटो तसा बघ. तांब्या उभा राहिला, त्याचं पोट हाताला लागेल असं वाटलं, तर मग रंग परत आण. नुसत्या रंगावर उभा असलेला फोटो लगेच कळतो.

आणि लाल वाढवलास तर माझी ती रेघ एकटी वाढत नाही. पितळेतला लाल वाढतो, कट्ट्यावरच्या टोमॅटोचा वाढतो, लग्नाच्या फोटोत सगळ्या वऱ्हाडाचे कान पेटतात. जयपूरचे रघुबीर सिंग (१९४२–१९९९) आयुष्यभर रंगीत स्लाइड फिल्मवर काम करत राहिले, काळा-पांढराच फोटो गंभीर मानायचा अशा काळात. स्लाइडवर जे उतरलं ते उतरलं. त्यांच्या फोटोत लाल कुठं थांबायचा ते रस्त्यावर उभं राहून ठरलेलं असतं.

मागच्या वर्षी हा फोटो मी मोठा छापून घेतला आणि पहिल्यांदा समोर घेऊन गेले. आजींनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला.

"तांब्या झ्याक आलाय. पन माझी वाकळ कुठाय ह्यात?"

मी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ही व्हय?" त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग आत जाऊन वाकळ घेऊन आल्या, मांडीवर पसरली आणि तिची कड शोधून काढली. एकावर एक शिवलेल्या ठिगळांत एकच पट्टी लाल होती, धुऊन धुऊन मऊ झालेली, टाके तिरके. "ही माझ्या सासूच्या लुगड्याची. वाकळ मीच शिवलीया, ती गेली त्या वर्षी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आधण ठेवताना खिडकीबाहेर बघितलं. दोरीवर वाकळ होती. रोज आडवी टाकतात ती त्यांनी उभी टाकली होती, लाल पट्टी माझ्या खिडकीकडं करून.