ओबिएरिकाचे हात

गुरुवार, रात्र

चिनुआ अचेबेची 'थिंग्ज फॉल अपार्ट' (१९५८), नायजेरियातल्या उमुओफिया गावाची कादंबरी, आज पुन्हा वाचून संपवली. ओकोन्क्वो तापट आणि ओबिएरिका विचारी, अशी या दोन मित्रांची वाटणी आपण सहज करून टाकतो. आज मात्र तेवढ्यावर मन थांबेना.

ओकोन्क्वो समजायला अवघड नाही. बाप उनोका, बासरीत रमणारा, गावभर उधारी करून ठेवणारा. गावातली मानाची एकही पदवी नावावर नसताना मेला. 'बापावर गेला' असं कुणी म्हणू नये, यासाठी ओकोन्क्वोचा सगळा जन्म खर्ची पडतो. अठराव्या वर्षी तो सात वर्षं अजिंक्य असलेल्या पैलवान अमालिंझेला चीत करतो, याम या कंदांची कोठारं भरतो, पदव्या मिळवतो. आणि याच भीतीपोटी, देवतेच्या कौलाने मारायचं ठरलेल्या इकेमेफुनावर कोयता चालवतो. हा मुलगा तीन वर्षं त्याच्या घरात वाढलेला, त्याला बाबा म्हणणारा. गावातल्या वृद्ध एझेउदूने आधीच बजावलं होतं की त्याच्या मरणात तुझा हात नको. तरी भेकड ठरण्याच्या धास्तीने हात उठतोच. नंतर दोन दिवस अन्न जात नाही, नुसती ताडी.

त्यानंतर तो ओबिएरिकाकडे जातो, तो प्रसंग मी आज थांबून थांबून वाचला. तू आमच्याबरोबर का आला नाहीस, या प्रश्नाला ओबिएरिका सरळ सांगतो की मला यायचं नव्हतं. माझ्याच मुलाला मारायचा कौल देवतेने दिला असता तर मी वाद घातला नसता, पण ते काम माझ्या हातून झालं नसतं. तू केलंस ते भूमातेला रुचणार नाही, हेही तो तोंडावर ऐकवतो. मैत्रीत इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मला फार मोलाचा वाटतो. पण 'वाद घातला नसता' हे शब्द मला टोचत राहिले. त्याने स्वतःचा हात आखडून घेतला, एवढंच. मुलगा मेलाच.

पुढे एझेउदूच्या अंत्यविधीत ओकोन्क्वोची बंदूक फुटते आणि त्याच मयत एझेउदूचा सोळा वर्षांचा मुलगा ठार होतो. अजाणता झालेली हत्या, म्हणून सात वर्षं हद्दपारी. मग भूमीची शुद्धी करायला गावकरी ओकोन्क्वोचं घर पाडून जाळतात, आणि त्या जमावात ओबिएरिकाही असतो. मनात द्वेषाचा लवलेश नाही, तरी तो मित्राच्या भिंती पाडतो. घरी येऊन बसतो आणि विचार करतो: नकळत घडलेल्या गोष्टीची एवढी शिक्षा का? तिथेच त्याला आपली जुळी मुलं आठवतात. जुळं अशुभ, म्हणून रानात टाकलेली. त्यांचा काय गुन्हा होता? उत्तर त्याला सापडत नाही. शंका येते, छळते, पण रीत आधीच पाळून झालेली असते. ओकोन्क्वो विचार करावा लागू नये म्हणून कृती करतो आणि ओबिएरिकाचा विचार कृती उरकल्यावर जागा होतो. एकाला धाडसी आणि दुसऱ्याला शहाणा म्हणून मोकळं होणं मला आज जमलं नाही.

पण ज्या हातांनी घर पाडलं तेच हात पुढे काय करतात! ओकोन्क्वोचे याम हा मित्र आपल्या कोठारात ठेवतो, विकतो, आणि दुसऱ्या वर्षी कवड्यांच्या थैल्या घेऊन म्बांटाला, ओकोन्क्वोच्या आजोळी पोचतो. तिथेच तो, एका गोऱ्याला मारल्याबद्दल आबामे गाव गोऱ्यांनी कसं कापून काढलं ते सांगतो. (असा सूड खरोखर उगवला गेला होता. १९०५ मध्ये नायजेरियातल्या आहियारा भागात एक गोरा डॉक्टर मारला गेल्यावर इंग्रजांनी तिथे फौज पाठवली.) निघताना ओकोन्क्वो म्हणतो, तुझे आभार कसे मानू? ओबिएरिका थट्टेने म्हणतो, माझ्यासाठी तुझा एक मुलगा मार. तेवढ्याने भागणार नाही, असं ऐकल्यावर: मग स्वतःला मार. दोघांची ती मोकळी थट्टा. शेवट ठाऊक असल्यामुळे आज ते पान उलटवेना. हद्दपारी संपत येते तेव्हा मित्रासाठी दोन झोपड्या बांधून ठेवणाराही ओबिएरिकाच.

गोऱ्यांविषयीही दोघांची नजर निराळी. ओकोन्क्वोला वाटतं, लढून हाकलून देऊ. ओबिएरिका म्हणतो, आता उशीर झाला; आपलीच माणसं त्यांच्या धर्मात आणि त्यांच्या कारभारात शिरली आहेत, मग लढायचं कुणाशी? माझ्या मते कादंबरीतलं सर्वांत अचूक राजकीय भान इथे आहे, आणि ते कुठल्या नेत्याकडे नाही, आपल्या घरात बसून बोलणाऱ्या या मित्राकडे आहे. त्या भानाने हातात काहीच येत नाही, हे मात्र मला सोसवत नाही. शेवटच्या सभेला दोघं बरोबर जातात. कोर्टाचा शिपाई सभा बंद करायला येतो, ओकोन्क्वोचा कोयता उठतो आणि त्याच्यामागे कुणीही उठत नाही.

मग गळफास. आत्महत्या केलेल्याला कुळातल्या माणसांनी शिवायचं नाही, म्हणून ओबिएरिकाला प्रेत उतरवण्यासाठी गोऱ्या अधिकाऱ्याच्याच माणसांची मदत मागावी लागते. इथेही तो रीत मोडत नाही. पण त्या अधिकाऱ्याकडे वळून तो कडाडतो: हा उमुओफियातल्या थोरांपैकी एक होता, तुम्ही त्याला जीव द्यायला लावलंत, आता याला कुत्र्यासारखं पुरणार. पुढचे शब्द घशात अडकतात. अख्ख्या कादंबरीत तोल सांभाळणारा हा माणूस एकदाच असा फुटतो, आणि तो मित्रासाठी.

हाच आवाज इकेमेफुनासाठी निघाला असता तर? कौल बदलला नसता, हे मला कळतं. तरी मला तो त्या दिवशीच ऐकायचा होता.