तुम्ही विचारलंत म्हणून: पोटातलं बाळ परकं का ठरत नाही?

फोंड्याला रक्तगट तपासण्यात माझी नोकरी गेली. बाळाचं कार्ड हातात पडलं की एखादी आई हमखास विचारायची, "माझा गट ओ, पोराचा बी. मग नऊ महिने माझ्या अंगाने त्याला ठेवून कसं घेतलं?" अजूनही वाटेत भेटून विचारतात.

प्रश्न रास्त आहे. बाळ अर्धं बापाचं. उद्या याच मुलाचं मूत्रपिंड आईला बसवलं, तर ते टिकवायला तिला जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी 1953 साली हेच कोडं मांडलं. आईची प्रतिकारशक्ती तेवढ्यापुरती सुस्तावत असेल, हा त्यांचा एक अंदाज. लोक आजही तेच सांगतात. पण ती झोपलेली नसते.

आईच्या रक्ताला थेट भिडते ती वार, म्हणजे बाळाला पोसणारी प्लॅसेंटा. तिच्या बाहेरच्या पेशी बाळाकडच्याच, पण परकं ओळखण्याच्या दोन मुख्य खुणा, एचएलए-ए आणि एचएलए-बी, त्या दाखवतच नाहीत. गर्भाशयाच्या अस्तरात रुतणाऱ्या तिच्या पेशींवर एचएलए-जी ही वेगळीच खूण असते. ती हल्ला थोपवते. आणि तिथे गर्दी कोणाची, तर 'नॅचरल किलर' पेशींची! पहिल्या तीन महिन्यांत अस्तरातल्या पांढऱ्या पेशींपैकी सुमारे 70 टक्के त्याच. नावाला घाबरू नका. तिथल्या नागमोडी धमन्या रुंद करायला त्या हातभार लावतात, म्हणून वारेला रक्त पुरतं. हे काम अर्धवट राहिलं तर पुढे आईचा रक्तदाब चढू शकतो, बाळाची वाढ खुंटू शकते. शिवाय नियामक टी पेशी हल्लेखोरांना आवरून धरतात. त्यांच्याविषयी वाचताना मला शिव-विष्णूंच्या युद्धात मध्ये उभी राहिलेली आपली कवळ्याची शांतादुर्गा आठवते.

आई जागी असल्याचा पुरावा माझ्या टेबलावरच यायचा. आरएच ही तांबड्या पेशींवरची आणखी एक खूण. आई आरएच निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह. बाळंतपणात बाळाचं रक्त मिसळलं की तिचं शरीर प्रतिपिंडं बनवू लागतं, आणि ती पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणून 28व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांत, ही प्रतिपिंडं बनू नयेत यासाठी, अँटी-डीचं इंजेक्शन. बायांनो, ते चुकवू नका. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना विचारा.

1996 साली अमेरिकी संशोधक डायना बियांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका आईच्या रक्तात मुलग्याच्या पेशी आढळल्या, बाळंतपणाला 27 वर्षं उलटल्यावर. हे मी एकीला सांगितलं. तिचा मुलगा बोटीवर. सुई टोचलेल्या जागी कापूस दाबून ती बराच वेळ तशीच बसून राहिली.