फळीखालचा वारा

शेडचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि टाचेखाली फळी दबली. मोडली नाही, करकरलीही नाही. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी नुसती खाली गेली. सुतारकामात इतकी वर्षं गेली, अशी फळी पायाला आधी कळते.

बागेतलं हे लाकडी शेड काकांनी स्वतःच्या हातांनी उभं केलेलं. "ओलीचा बंदोबस्त मी गेल्या वर्षीच केला होता रे," ते म्हणाले, "तरी असं कसं झालं?"

बंदोबस्त खरंच मन लावून केलेला होता. फळ्यांवर जाड प्लास्टिक, त्यावर विनाइलचं आच्छादन. बाहेरून, शेड आणि जमीन यांच्यातली फट विटा-मातीने चहूबाजूंनी बुजवलेली, उंदीर शिरू नयेत म्हणून.

प्लास्टिक उचललं. खालच्या बाजूला थेंबच थेंब, आणि कुबट वास. पटाशी टेकवली तर हातोडीशिवाय बोटभर आत गेली. मीटरने 27 टक्के ओल दाखवली. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओल टिकून राहिली की बुरशी घर करते.

"काका, फट बुजवली तिथेच घात झाला," मी म्हणालो. जमिनीतून वाफ येतच असते. आधी ती वाऱ्याबरोबर निघून जायची. आता ती फळ्यांत शिरायची आणि वरच्या प्लास्टिकखाली अडकायची.

त्यांना पटेना. "अरे, माती तर कोरडी ठणठणीत आहे!" वरून दिसत होतीच तशी, भेगाळलेली. मी वादात पडलो नाही. शेडबाहेर उन्हात, उघड्या मातीवर प्लास्टिकचा एक तुकडा पसरला आणि कडा दगडांनी दाबल्या. दुपारी जेवण उरकून आलो तेव्हा तो आतून पांढरा झाला होता. काकांनी स्वतः तो उलटा केला, तळहात फिरवला आणि ओला हात बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे वर्षभर हे सगळं माझ्या फळ्या पीत होत्या."

मला फार वाईट वाटलं. इतक्या मायेने सांभाळलेलं लाकूड होतं ते.

पहिली वीट त्यांनीच काढली. पुढचं काम सोपं, पण वेळखाऊ. कुजलेल्या फळ्या आणि एक आडवा वासा बदलला. जॅक लावून शेड उचललं, खालच्या मातीला बाहेरच्या बाजूने उतार दिला आणि प्लास्टिक तिथे, जमिनीवर अंथरलं. त्यावर बारीक चुरा नसलेली खडी. दाण्यांमध्ये मोठ्या पोकळ्या राहिल्या की पाणी वर चढत नाही. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर वासे टेकवताना मध्ये ओलरोधक पट्टी घातली. जमीन ते वासा सहा इंच मोकळे. नव्या वाशाची कापलेली टोकं संरक्षक द्रावात बुडवली. हे बरेच जण विसरतात, आणि टोकाकडूनच लाकूड सर्वांत जास्त पाणी ओढतं. उंदरांसाठी चारी बाजूंनी बारीक गॅल्व्हनाइज्ड जाळी.

दोन महिन्यांनी मीटर घेऊन पुन्हा गेलो. सगळीकडे 15-16, एका कोपऱ्यात मात्र 19. वाकून पाहिलं तर खताची पोती जाळीला टेकून ठेवलेली. काकांनी काही न विचारता ती उचलायला सुरुवात केली.